दिवेवाल्याचं पहिलं दार

४ सप्टेंबर

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

फोन तू उचलत नाहीस, मेसेज वाचून गप्प बसतोस, म्हणून आता पोस्टाची पाळी.

तू विमा कंपनीतली नोकरी सोडल्याचं बाबांना शेवटी मीच सांगितलं. ते चांगला स्वच्छ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, लहानपणी तो कॉम्प्युटरवर खेळायला बसला की मी प्लग काढायचो, तेव्हाच कायमचा काढायला हवा होता. तेव्हापासून तुझं नाव निघालं की उठून गॅलरीत जातात. मला हे बघवत नाही, स्पष्टच सांगते.

तो खेळ बनवणारी कंपनी बुडाली आणि त्यातला आपला ‘दिवेवाला’ नदीकाठी अर्ध्यावर राहिला, तेव्हा मीही हळहळले होते. पण म्हणून पुढचा भाग चाहत्यांनीच वर्गणी काढून करायचा, आणि त्या उद्योगाचा म्होरक्या माझाच भाऊ व्हायचा, हे जरा अतीच झालं. खेळातल्यासारखं घरातल्या प्रत्येक दारावर तीनदा टकटक करून मागे सरकायचास म्हणून तुला ठोक्या नाव पडलं. ते तू इतकं मनावर घेशील असं वाटलं नव्हतं.

वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, वाढवायचा असेल तर फोन उचल.

तुझी ताई


१५ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन वाजतो तो वर्गणीदारांचाच. एकाला दिवेवाल्याची टोपी तपकिरी हवी, दुसऱ्याला काळी. मतदान घेतलं, तर हरलेले वर्गणी परत मागताहेत. चित्रं काढणारी दिवसभर दवाखान्यात काम करते, संगीतवाल्याची परीक्षा आहे, आणि प्रोग्रॅम लिहिणारे दोघे एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे याचे निरोप त्याला मी पोचवतो. सगळेच हौशी, त्यामुळे कोणावर डाफरायचीही सोय नाही. खेळाच्या जुन्या मालकाची परवानगी वर्षअखेरपर्यंतच आहे. तोवर खेळ बाहेर पडला नाही तर सगळ्यांची मेहनत आणि माझी नोकरी, दोन्ही पाण्यात.

जिवाला स्वस्थता नाही. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की बसावंसं. दिवसभर येरझाऱ्या घालतो. खालच्या मजल्यावरच्या बाई काठीने छत ठोकतात, त्याही बरोबर तीनदा!

पेन ड्राइव्हवर कच्ची प्रत पाठवतोय. पहिली गल्ली खेळून बघ आणि चुका बेधडक सांग. आमच्यात कोणालाच कुठे अडायला झालं नाही. बाबांना यातलं काही बोलू नकोस.

रागासकट लोभ असू दे.

तुझा ठोक्या


१ ऑक्टोबर

चि. ठोक्यास,
अ. उ. आ.

गल्ली बघून डोळे भरून आले रे. ते ओले दगड, खिडकीतलं मांजर! तीनदा दार वाजवलं, मागे सरकले, आत जाऊन दिवा लावला. मला एकही चूक सापडली नाही.

बाबांना मी काही बोलले नाही. पण कॉम्प्युटर त्यांचा, आणि पेन ड्राइव्ह मी त्यालाच विसरले. परवा लवकर घरी आले, तर बाबा खेळत होते! मला पाहून घाईघाईने हवामानाचा अंदाज उघडला. आता रोज दुपारी हेच चालतं. दिवेवाला पहिल्याच दाराशी उभा. बाबा त्याला दारावर धडकवतात, घराला वळसा घालायला लावतात, मांजराभोवती फिरवतात. दार काही उघडत नाही. मला विचारतील तर ते बाबा कसले!

सांगायला तोंड उघडलं आणि गप्प बसले. अरे, पहिल्या खेळाच्या खोक्यात कागद होता, त्यावर दार कसं वाजवायचं ते लिहिलं होतं. तो आपल्याला पाठ. नव्या खेळात ते कुठेच नाही. तुम्हाला सगळ्यांना ठाऊक, म्हणून कोणाच्या डोक्यातच आलं नाही. बाहेरचा माणूस पहिल्याच पायरीवर अडकणार.

रागावू नकोस. आणि लोभ तेवढा आटवू नकोस.

तुझी ताई


१२ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलो होतो. ज्यांना कळत नाही त्यांनी खेळू नये, असं लिहिलेलं पत्र फाडून टाकलं आणि हे लिहायला घेतलं.

मंडळींपुढे विषय काढला. बरेचजण म्हणाले, दार वाजवणं ही आपली खूण आहे, ती नवख्यांना कशाला सांगायची? मतदान घे म्हणाले. मी घेतलं नाही, सरळ बदल करून टाकला. प्रोग्रॅमवाल्यांपैकी एकजण सोडून गेला. निरोप पोचवायचं काम संपलं, पण त्याच्या वाटणीचं काम माझ्या गळ्यात पडलं. तारीख गाठेन की नाही, माहीत नाही. भीती वाटते, ताई.

नवी प्रत पाठवतोय. ती कॉम्प्युटरला लाव आणि पुन्हा विसर. दाराशी काय केलंय ते सांगत नाही. मला सर्दी झाली आहे, काळजीचं कारण नाही.

ते खरंच रोज बसतात?

लोभाची आत्ता फार गरज आहे.

तुझा ठोक्या


३ जानेवारी

चि. ठोक्यास,
अ. आ.

तुझा खेळ मुदतीत बाहेर पडला, असं ताई म्हणाली. टोपीवरून लोक अजून शिव्या घालतात, असंही म्हणाली. मला टोपी बरी वाटली.

पहिल्या दाराशी मी पुष्कळ दिवस काढले. मग ताईने दुसरी प्रत विसरल्याचं नाटक केलं. तिला नाटक जमत नाही. त्या प्रतीत दाराशी जरा थांबलं की आतून कोणीतरी सांगतं, की अहो, तीनदा वाजवा आणि मागे सरका. आवाज तुझा आहे. नाक चोंदलेलं होतं. दार उघडलं की तो आवाज बंद होतो, म्हणून मी बरेच दिवस दार वाजवलंच नाही. नुसता ऐकत बसलो.

नोकरीबद्दलचं माझं मत आहे तेच आहे.

सध्या नदीपाशी अडकलो आहे. नावाडी नावेत घेत नाही. ताईलाही जमलं नाही, आणि तिथे तुझा आवाज येत नाही. फोनवर सांगून मला कळायचं नाही. येऊन दाखव.

प्लग काढणार नाही.

बाबा