सिनेमातला माझा कोपर

केडगाव, गुरुवार

चि. जॉन यास कृपादानदादाचा सप्रेम सलाम.

प्रभुकृपेने आम्ही दोघे बरे आहोत, म्हणजे तुझी मेरीवहिनी बरी आहे आणि मी तिच्याकडे बघून बरा असल्यासारखा वागतो. तुझा गुडघा काय म्हणतो? पुण्याचे डॉक्टर चालायला सांगतात की बसायला, ते एकदा नक्की कळव. (हे मोबाईलवर विचारता आलं असतं, पण आमचं घर तुला माहीत आहे. बाहेरच्या खोलीत कुजबुजलं तरी स्वयंपाकघरातून उत्तर येतं.) आता मुद्द्याचं. तुझ्या लेकीला आवर. येत्या रविवारी उपासनेनंतर जेनिफर चर्चच्या हॉलमध्ये तिचा सिनेमा दाखवणार आहे. तो दाखवला गेला, तर हंगामाच्या सणाचं कीर्तन माझ्या हातून गेलं म्हणून समज.

उन्हाळ्यात ती कॅमेरा घेऊन आली आणि म्हणाली, "मोठे पप्पा, तुमच्या घरावर सिनेमा करायचाय." घरावर म्हटल्यावर माणसाने काय समजावं? घरात कीर्तनकार एकच. मी केस काळे केले, फेट्याला खळ दिली, लांब कोटाला ऊन दाखवलं. आम्हाला सवय व्हावी म्हणून तिने आधी लॅपटॉपवर बायकांनीच काढलेले दोन-तीन सिनेमे दाखवले. एकात एक बाई नुसती भांडी घासते. मी श्वास रोखून बसलो, की आता हिला फोन येणार, कोणीतरी गेलेलं असणार, निदान एखादी बशी तरी फुटणार. कसलं काय! भांडी संपली, सिनेमा संपला. मी हसायला वळलो तर मेरी डोळे पुसत होती. म्हणाली, "शेवटी तिनं कढई पालथी घातली, तेव्हा हात कसा ठेवला पाहिलात का?" मी कढईच पाहिली नव्हती, हात कुठला बघतो!

तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. शूटिंगसाठी मुद्दाम हॉलमध्ये कीर्तन ठेवलं, बायबलातली उधळ्या पुत्राची कथा लावली. तुला माहीतच आहे, मी पुढे चिपळ्या घेऊन, पेटी-तबला बाजूला आणि मेरी माझ्या मागे झांज घेऊन पालुपद धरायला. मी असा काही रंगलो, की तो पोरगा डुकरांच्या शेंगा खातो तिथे पाळकसाहेबांनी चष्मा काढला. कॅमेरा माझ्यावर रोखलेला. आणि ऐन बाप धावत येतो त्या जागी जेनिफर हळूच म्हणाली, "मोठे पप्पा, जरा बाजूला सरकता का? मोठ्या मम्मी दिसत नाहीयेत." जॉन, मी सरकलो खरा. पुढची ओळ तर गेलीच. मेरीने मागून पालुपद ताणलं म्हणून वेळ निभावली.

पुढचे दिवस ती पोरगी मेरीच्या मागे मागे. नळाला पाणी आलं, शूट कर. लसूण सोलला, शूट कर. शेवटच्या दिवशी तर स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि आत मेरीची मुलाखत. मी दाराशी उभा होतो (पाणी प्यायला. माठ आत होता, पण तहान बाहेर लागली होती). मेरीचा आवाज आला, "आता यांच्या मागं उभं राहून राहून..." आणि कुकरने शिट्टी दिली! पुढचं काही ऐकू आलं नाही. काय असेल? कंटाळले? थकले? सोडून देणार? तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला आहे. विचारलं की ती म्हणते, "रविवारी बघा की." आणि गंमत अशी, की सिनेमा माझ्यावर आहे या समजुतीने मीच शूटिंगआधी गावभर आमंत्रणं करून बसलोय. बेलापूरचे कीर्तनकार वाल्मिकराव मुद्दाम येणार आहेत. कृपादान ओळी विसरतो, असं ते चारचौघांत बोलतात. त्यांच्यासमोर मेरीने "मला आता होत नाही" म्हटलं तर माझ्यामागे झांजेला कोण? तिच्याशिवाय मी उभाच राहू शकत नाही, हे तुला म्हणून सांगतो. मला भीती वाटते, जॉन. तेव्हा काहीही कर, हवं तर आजारी पड, पण जेनिफरला रविवारी पुण्यातच अडकव.

सर्वांना सलाम.

तुझा दादा,
कृपादान

ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं आणि रविवार येऊन गेला. अख्ख्या सिनेमात माझा फक्त उजवा कोपर आहे. मध्ये मध्ये चौकटीत येतो आणि जातो. आणि कुकर शिजवत होता ते वाक्य असं होतं: "आता यांच्या मागं उभं राहून राहून मला यांची मान कळती. डावीकडं कलली की समजायचं, ओळ गेली. मग मी पालुपद एक खेप जास्त घेते न् त्यातच पुढचा शब्द सोडते. लोकान्ला वाटतं, रंगात आले." हॉल जो हसला! वाल्मिकराव मांडीवर थाप मारून म्हणाले, "आमी काय म्हनत हुतो?" मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. तेवढ्यात पडद्यावर जेनिफरने विचारलं, "मोठ्या मम्मी, तुम्हाला पुढे उभं राहावंसं नाही वाटत?" मेरी लसूण सोलत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, "वाटतं की. पण मग हे कुठं उभे ऱ्हानार? यांना झांज येत न्हाई." त्यावर मात्र कोणी हसलं नाही. वाल्मिकरावसुद्धा.

ता. क. २. हंगामाच्या सणाचं कीर्तन माझ्या हातून गेलंच. पाळकसाहेबांनी मेरीला सांगितलंय. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग हो म्हटलं. तेव्हा तुझा गुडघा कसाही असो, या शनिवारी तुझी जुनी झांज घेऊन ये आणि मला शिकव. (वहिनीला सांगू नकोस, गुडघा दाखवायला आलो म्हण.) झांज जमेल रे, ताल मला आहे. अडचण वेगळीच आहे. सगळी वर्षं ती माझ्या मागे, मी पुढे तोंड करून. ओळ गेली की तिची मान कुठल्या बाजूला कलते, ते मला ठाऊक नाही. तू समोर बसून ऐकायचास, तुला काही आठवतं का?