डिझर्ट ओडेच्या लढाईचा राहिलेला शेवट

बाबा, तुम्ही शाळेत इतिहास शिकवायचात, पण माझा तास स्वयंपाकघरात व्हायचा. ताटात भाताचा किल्ला, आमटीची नदी, शेंगदाण्यांचं सैन्य. एकदा शत्रूचे सगळे शेंगदाणे मी एका घासात खाल्ले आणि टाळ्या पिटल्या, तर तुम्ही केवढे रागावलात. "टाळ्या कसल्या वाजवतेस? त्यांच्याही घरी कुणी वाट बघत असेल." आई म्हणाली, "अहो, लहान आहे ती."

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, न्यूयॉर्कचे टॉवर पडले त्या वर्षी, आम्ही ओहायोतल्या डब्लिनमध्ये राहत होतो. ह्यांची नोकरी व्हिसावर, लेक पहिलीत. त्या दिवसांत आमच्यासारख्या सावळ्या परक्यांकडे लोक संशयाने बघायचे; मी गाडीत पेट्रोल भरायलाही एकटी जात नव्हते. पण शनिवारी दुपारी लायब्ररीत एक आयरिश आजोबा जुन्या लढायांच्या गोष्टी सांगणार होते. तुमची फार आठवण आली, म्हणून लेकीला घेऊन गेले.

आजोबा छान सांगत होते. जवळजवळ सातशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून येऊन आयर्लंडचा बराच भाग घेतलेल्या नॉर्मन लोकांचा एक सरदार चिलखती घोडेस्वार घेऊन आयरिश लोकांची उरलीसुरली जमीन बळकावायला निघाला. डिझर्ट ओडेजवळच्या ओढ्यापाशी थोडेसे आयरिश लढले आणि पळू लागले. तो पाठलाग करत ओढ्यात उतरला, आणि रानात दबा धरून बसलेले बाकीचे त्याच्या फौजेवर तुटून पडले. हा तर आपला गनिमी कावा, असं तुम्ही मांडीवर थाप मारून म्हणाला असतात. मी खुर्चीत पुढे सरकून ऐकतेय. सरदार पडला, तसा पुढच्या रांगेतला एक टोपीवाला ओरडला, "बाहेरून घुसणाऱ्यांचं हेच करायला पाहिजे!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या थांबल्या आणि माझ्या लेकीने मोठ्यांदा विचारलं, "मॉम, आर वी द नॉर्मन्स?"

कुणी हसलं नाही. टोपीवाला वळून आमच्याकडे बघत राहिला. लेकीला कडेवर घेऊन मी बाहेर पडले, तर तोही मागोमाग आला. मी गाडीचे दरवाजे लॉक करते, आरशात बघते, तर तो गाडीच्या अगदी मागे उभा. हलतच नाही. किल्ली लावायला जाते, तर ती खाली पडते. लेक रडायला लागलीय आणि मला तिला मराठीत "रडू नको" एवढंही म्हणायचा धीर होत नाही. तेवढ्यात आजोबा काठी टेकत आले आणि त्याच्यासमोर उभे राहिले. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. तो डिकीवर जोरात थाप मारून निघून गेला.

आजोबांनी काचेवर टकटक केलं. मी काच बोटभरच खाली केली; मला त्यांचीही भीती वाटत होती.

"शेवट राहिला," ते म्हणाले. "गडावर त्या सरदाराची बायको होती. बातमी कळताच तिने स्वतःच्या हाताने गड पेटवला आणि जहाजात बसून निघून गेली. आज मला तिथवर पोचताच आलं नाही." मग काचेजवळ वाकून म्हणाले, "तुम्ही जाऊ नका."

त्या संध्याकाळी मी पासपोर्ट पिशवीत भरले. हे म्हणाले, "अगं, थोडे दिवस थांबून बघू." थांबलो. अजून इथेच आहोत. लेक मोठी झाली, तुमच्यासारखीच इतिहासात रमते. पण बाबा, त्या दिवसानंतर घराबाहेर मी तिच्याशी मराठीत बोलले नाही, आणि मग हळूहळू घरातही. आता हे पत्र टेबलावर उघडं राहिलं, तरी तिला वाचता येणार नाही.