माझ्या गाडीचा बेल्ट आणि तुमची सून

आबा,

गेल्या रविवारी वहिनीने माझ्या गाडीचा फॅन बेल्ट बदलला. आपल्या नाशिकरोडच्या घरापुढे, तुम्ही तुमची जुनी गाडी लावायचात त्याच फरशीवर. मी शेजारी पाटावर बसून तिला पाने देत होते. तुम्ही असता तर तुम्हाला बरं वाटलं असतं, लेक आणि सून एकाच गाडीत डोकं घालून बसलेल्या. मला मात्र बरं वाटलं नाही, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला सांगताही येत नाही. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पांढरे झाले, शाळेत आता माझ्या निवृत्तीचं बोलणं निघतं, आणि मी अजून धाकट्या भावाच्या बायकोवर जळते. तेही तुमच्यावरून.

गाडी बरेच दिवस ओरडत होती. सकाळी सिन्नरला शाळेत निघताना किल्ली फिरवली की एक लांब किंचाळी, एसी लावला की पुन्हा तीच. सोसायटीतली माणसं गॅलरीत येऊन बघायची. गॅरेजवाला म्हणाला, "मॅडम, सोडून जा, बघू दोन-चार दिवसांत." मला रोज जाऊन-येऊन करायचं असतं, गाडी सोडून कसं भागणार? असं करत दिवस ढकलले. शनिवारी भावाकडे गेले तर मी गाडी बंद करायच्या आत वहिनी फाटकाशी आली. मान तिरकी करून तिने क्षणभर ऐकलं आणि म्हणाली, "ताई, बेल्ट बोलतोय हा."

बोलतोय. हा शब्द तुमचा, आबा. तुमच्या लेखी यंत्र कधी वाजत नसे, बोलत असे. मिक्सर बोलायचा, पंखा बोलायचा, पॉवर स्टेशनातला एखादा पंप बोलायला लागला की तुम्ही जेवताना सुद्धा त्याच्याच विचारात असायचात. मला हा शब्द लहानपणापासून ठाऊक आहे. पण मी तो एकदाही वापरलेला नाही, आणि ती फाटकाशी उभी राहून सहज बोलून गेली.

"आता इंजिन गरम आहे," ती म्हणाली, "उद्या सकाळी गार असताना बदलू. बेल्ट आणि टेन्शनर मी आजच आणून ठेवते. टेन्शनरपण गेला असणार, नुसता बेल्ट बदलून उपयोग नाही."

आतून भाऊ ओरडला, "अगं, गॅरेजं बंद पडली का गावातली?"

"तुम्ही उद्या पोहे करा, तेवढं पुरे," ती म्हणाली.

मी नको म्हणू शकले असते. पण मला बघायचं होतं. तिला येतं म्हणजे नेमकं किती येतं, ते मला बघायचं होतं.

तुम्हाला एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनच्या वसाहतीतली ती दुपार आठवते का, मला माहीत नाही. मी सातवीत असेन. दोरीवरच्या कपड्यांवर राखेचा थर बसलेला, आई ते झटकून आत नेते आहे, आणि मी शाळेतून सायकल घेऊन आले आहे. वाटेत चेन पडली होती. एरवी मी कुणाची तरी वाट बघत थांबले असते. त्या दिवशी मी एकटीने ती बसवली. मागचं चाक उचलून, पायडल उलटं फिरवत, एकेक दाता पकडत. तुम्ही पहिल्या पाळीवरून नुकतेच आला होता, स्वयंपाकघराच्या मोरीत साखर आणि साबण चोळून हातांचं काळं काढत होता. मी तुमच्या शेजारी उकिडवी बसले आणि माझे दोन्ही हात तुमच्या हातांजवळ धरले. तितकेच काळे. मला वाटलं होतं तुम्ही हसाल.

तुम्ही माझं मनगट धरलंत. "हे काय केलं?" म्हणालात. मी म्हटलं, "चेन बसवली. मला येते." तुमचा आवाज चढला. "तुला कुणी सांगितलं होतं? ह्या हातांसाठी मी पाळ्या करतो का? माझ्या बापाचे हात काळे, माझे काळे, आता तुझेबी?" मग तुम्ही भांडी घासायच्या काथ्याने माझे हात घासलेत, कातडी लाल होईपर्यंत. आई दारात कपड्यांचा ढीग धरून उभी होती. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी शाईचा पेन आणलात, डबीत ठेवलेला, आणि म्हणालात, "हे धर. हत्याराला हात लावायचा नाय."

नाही लावला मी. तुम्ही म्हणालात तशी शिकले. तुम्ही "हाय, नाय, लय" बोलायचात आणि मी तसं बोलले की डोळे वटारायचात, "शुद्ध बोल, पुस्तकात असतं तसं." म्हणून शुद्ध बोलायला लागले. आपल्या घरातली पहिली बी. ए., पहिली बी. एड., पहिली सरकारी मान्यतेच्या शाळेतली शिक्षिका. तुम्ही जे जे मागितलंत ते सगळं मी दिलं. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हात काळेच राहिले, त्या घरातल्या बापाने मुलीचे हात घासले तर त्यात कसली तक्रार करायची? एवढंच की मला ते मोठी झाल्यावर कळलं, आणि कळूनही दुखायचं थांबलं नाही.

मग माझं लग्न झालं, आई गेली, तुम्ही निवृत्त झालात, नाशिकरोडचं घर बांधलंत आणि ती जुनी गाडी घेतलीत. भावाचं लग्न झालं. पहिल्या मे महिन्यात मी माहेरी आले, तर फाटकातून काय दिसावं? बोनेट उघडं, त्यात तुम्ही आणि नवी सून. तिचे हात कोपरापर्यंत काळे. आणि तुम्ही हसत होता, आबा! पोट धरून. तिने कसलासा नट उलटा फिरवला होता आणि तो जाम झाला होता, एवढंच कारण. मी पिशव्या खाली ठेवून पुढे झाले तर तुम्ही मान वर करून म्हणालात, "तू नको येऊ इकडं, साडी खराब होईल." तिच्या ड्रेसवर ग्रीसचे पंजे उमटलेले होते, त्याचं तुम्हाला काही नव्हतं. त्या वेळी मी आत जाऊन चहा ठेवला. पुढे दर सुट्टीत आले की आत जाऊन चहाच ठेवत राहिले.

तर रविवारी सकाळी. थंडी होती, फरशी गार. वहिनीने मागच्या चाकांना विटा लावल्या, गाडी जॅकवर घेतली, खाली आधाराला लोखंडी घोडा सरकवला आणि उजवं पुढचं चाक काढलं. आतला काळा प्लास्टिकचा पडदा सोडवल्यावर बेल्ट दिसला. रुंद काळी पट्टी, वरून खाली चार-पाच पुल्यांवरून वळसे घेत गेलेली. तिने टॉर्च मारला आणि नखाने बेल्टची आतली बाजू उलटून दाखवली. उन्हाळ्यातल्या शेतासारख्या आडव्या भेगा होत्या.

"तुटला असता तर?" मी विचारलं.

"बॅटरी चार्ज होणं बंद. गाडी वाटेत कुठेतरी उभी. ताई, आधी मोबाईलवर फोटो काढा, वळसे कसे आहेत त्याचा. मी कितीदा केलं तरी फोटो काढतेच."

मी फोटो काढले. तिने टेन्शनरवर पाना चढवला, पान्यावर पाईप, आणि जोर लावला. टेन्शनर म्हणजे बेल्ट ताणून धरणारा स्प्रिंगचा हात, तो वाकवल्याशिवाय बेल्ट सुटत नाही. तो हलेना. तेव्हा ती दात आवळून पुटपुटली, "लय घट्ट हाय गड्या."

वहिनी नाशिक शहरात वाढलेली, आबा. तिच्या माहेरी कुणी असं बोलत नाही. ती बी. कॉम. आहे, पतपेढीत नोकरी करते, एरवी तिचं मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. पण हातात पाना आला की तिच्या तोंडून तुम्ही बोलता. जी बोली तुम्ही मला टाकायला लावलीत, ती तुमच्याकडून तिने उचलली. टॉर्च आता माझ्याकडे होता; तिच्या तोंडाकडे बघताना तो भलतीकडे वळला असावा, कारण ती म्हणाली, "ताई, उजेड इकडे." मी उजेड तिकडे केला.

बेल्ट सुटला. तिने टेन्शनरची चकती बोटाने फिरवली. ती खरखरत दोन फेरे फिरली आणि डुगडुगली. "ऐकलं? बेरिंग गेलंय." मग मला म्हणाली, "तुम्ही फिरवून बघा." मी हात पुढे केला नाही. त्याऐवजी जे इतकी वर्षं विचारलं नव्हतं ते विचारलं.

"तुला त्यांनी हे शिकवलं कसं? म्हणजे सुरुवात कशी झाली?"

तिने बोल्टवर सॉकेट बसवत सांगितलं, "कशी म्हणजे? नवं लग्न, घरात करमत नव्हतं. हे कामावर. आबा दिवसभर गाडीखाली. मी एकदा चहा घेऊन गेले आणि विचारलं, हे काय आहे? त्यांनी सांगितलं. मग मी विचारत गेले, ते सांगत गेले." ती थांबली. "तुम्ही कधी विचारलं नाही?"

"मी करून दाखवलं होतं," मी म्हटलं.

तिला ते कळलं नाही, आणि मीही उलगडून सांगितलं नाही. बोल्ट सुटला. जुना टेन्शनर तिने माझ्या हातात दिला. जड होता. ती म्हणाली, "तुमच्याबद्दल मात्र फार बोलायचे हं. कुणीही आलं की, माझी पोरगी सिन्नरला शिक्षिका हाय, खुर्चीवर बसती. पानवाल्यालासुद्धा सांगून ठेवलं होतं."

तिने ते माझं मन राखायला सांगितलं, हे मला कळलं. पण मला काय ऐकू आलं सांगू? लोकांना सांगायला मी होते, आणि शेजारी बसायला ती होती. मला तुमचा अभिमान मिळाला. तिला तुमच्या दुपारी मिळाल्या. तुमच्या शेवटच्या आजारपणाआधीची ती सगळी रिकामी, हसरी वर्षं, जेव्हा तुमच्या पाळ्या संपल्या होत्या आणि तुम्हाला कशाची भीती उरली नव्हती, ती एका परक्या घरातून आलेल्या मुलीला मिळाली. माझ्या वाट्याला जे आबा आले ते थकलेले होते आणि घाबरलेले होते.

नवा टेन्शनर तिने बसवला. त्याच्या मागची खुंटी इंजिनाच्या भोकात नीट गेली की नाही ते हलवून बघितलं आणि बोल्ट आवळला. मग नवा बेल्ट. मोबाईलमधला फोटो मी तिच्यासमोर धरला, तिने एकेक वळसा घातला, पुन्हा पाईपने टेन्शनर वाकवला आणि शेवटच्या पुलीवरून बेल्ट सरकवला. सगळ्यात खालच्या पुलीपाशी तिचा हात पोचेना. तिचा दंड जाड झालाय आता. "ताई, तुमचा हात बारीक आहे. खाली घाला आणि कडेने बोट फिरवा. बेल्ट सगळ्या खाचांत बसलाय का? एखादी खाच उघडी लागते का बघा."

मी बांगडी वर सारली आणि हात घातला. गार लोखंड, मग रबर, मग पुलीची कड. आणि कडेला एक खाच रिकामी होती. बोटाला स्पष्ट लागली. मी म्हटलं, "एका खाचेने बाहेर आहे."

"नक्की?"

"नक्की."

तिने टेन्शनर पुन्हा वाकवून धरला, आणि बेल्ट मी सरकवला. मीच, आबा. तो जागेवर बसला तेव्हा बोटाखाली लहानसा धक्का जाणवला. वहिनीने इंजिन आधी पान्याने हातानेच दोन फेरे फिरवून बघितलं, चाक लावलं, आणि मला म्हणाली, "मारा किल्ली."

गाडी सुरू झाली. नुसती घुरघुर. एसी लावला, तरी काही नाही. भाऊ पोह्यांचा झारा हातात घेऊन दारात आला आणि म्हणाला, "चालू आहे का बंद?" वहिनी खळखळून हसली. मीही हसले.

तेवढ्यात समोरच्या नव्या बंगल्यातल्या काकू फाटकाशी आल्या. त्या या गल्लीत तुमच्यानंतर राहायला आल्या, त्यांनी तुम्हाला पाहिलेलं नाही. कौतुकाने म्हणाल्या, "बायकांनी गाडी दुरुस्त केली! कुठे शिकलात हो?" त्या वहिनीकडे बघून विचारत होत्या. आणि ती तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "आमच्या वडिलांनी शिकवलं मला."

मला. बोलून गेले आणि कान तापले. वहिनी हातरुमालाने पाना पुसत होती. तिने माझ्याकडे बघितलं, फार नाही, एक क्षण. मग काकूंना म्हणाली, "हो ना. आधी ताईंना शिकवलं, मग मला."

काकू गेल्या. आम्ही दोघींनी हत्यारं आवरली. पोहे खाल्ले. मी घरी आले. वाटेत मला वाटलं होतं, आता तरी जळणं थांबेल. तिने तिच्या वाटणीतलं उचलून मला देऊन टाकलं, तेही मी न मागता. पण तसं झालं नाही, आबा. इतक्या सहज देऊन टाकता येतं ते पोटभर मिळालेल्या माणसालाच, आणि मला तिच्या त्या मोठेपणाचाही हेवा वाटला. सोमवारी शाळेत शिक्षकांच्या खोलीत मी पुन्हा तेच सांगितलं. वडिलांनी शिकवलं होतं, म्हटलं. मंगळवारी सोसायटीत सांगितलं. आता सांगताना जीभ अडखळत नाही. कालपरवा तर मी एक दुपारही रचली. तुम्ही बोनेटमध्ये वाकलेले आहात, मी विचारते हे काय आहे, आणि तुम्ही सांगता.

हे लिहून झाल्यावर, पूर्वी तुम्हाला पत्रं टाकायचे त्या सवयीने पाकीट घेतलं. तुमचा शेवटचा पत्ता नाशिकरोडचाच आहे, त्या घरात पत्रं अजून येतात. पण आता ती वहिनी उघडते, म्हणून हे टाकत नाही.