भोंगा वाजवू नका

सोमवार, ४ तारीख

पोचलो एकदाचे! बसमधून उतरताना हिची ट्रंक आणि माझी कंबर दोन्ही शाबूत होत्या, यातच सगळं आलं. नोकरी वादळ-सूचना खात्याची आहे. जिल्हा कचेरीतून फोन आला की मनोऱ्यावर चढायचं आणि भोंगा वाजवायचा. बावीस वर्षं कारखान्याचा भोंगा वाजवला, लोकांना झोपेतून उठवलं म्हणून शिव्या खाल्ल्या. आता त्याच हातांनी जीव वाचवायचे, म्हणजे बढतीच की!

मनोऱ्याच्या पायथ्याशी आमच्या दोन खोल्या आहेत. पत्रा नवा, स्वयंपाकाचा ओटा उंच, आणि खिडकीतून थेट शाळेपर्यंतचा रस्ता दिसतो. भिंतींना ओल नाही यावर हिचा विश्वास बसेना, तीनदा हात फिरवून पाहिला. मग खूश.

दोन वर्षांपूर्वीच्या वादळाच्या खुणा मात्र जागोजागी आहेत. रस्त्याकडेची सगळी झाडं एकाच उंचीवर मोडलीयत. एका खोडाभोवती कुणाच्या तरी छपराचा पत्रा गुंडाळला गेलाय, तो अजून तसाच. सामान उतरवायला कुणी पुढे आलं नाही. कामात असतील बिचारे.

मंगळवार, ५

भोंगा खोलून साफ केला, तेल दिलं. जुन्या पद्धतीचा आहे, हातानं फिरवायचा. दांडा फिरवला की आतली पाती गरगरतात आणि आवाज चढत जातो. तीन लांब भोंगे म्हणजे सगळ्यांनी शाळेखालच्या तळघरात जायचं. ते खास वादळासाठीच बांधलंय.

संध्याकाळी तळघर बघायला गेलो, तर लोखंडी दाराला चारी बाजूंनी वेल्डिंग मारलेलं. उद्या वादळ आलं तर माणसांनी जायचं कुठे? परतताना किराणा दुकानदाराला विचारलं. त्यानं माझी पुडी बांधली, पुढे सरकवली आणि म्हणाला, यापुढे माझ्या दुकानाची पायरी चढू नका. मला वाटलं थट्टा करतोय. हसलोसुद्धा मी.

गुरुवार, ७

हिनं वाळत घातलेले कपडे कुणीतरी दोरीवरून ओढून चिखलात तुडवले. दूधवाला आमच्या दाराशी आला की सायकल जोरात मारतो. ही म्हणते, आपण कुणाचं काय घोडं मारलंय?

ते आज सुतारानं सांगितलं, माझ्याकडे पाठ करून, रंधा मारता मारता. दोन वर्षांपूर्वी असाच दुपारी भोंगा झाला. एकेचाळीस माणसं तळघरात गेली. दारावर झाड आडवं पडलं. दार बाहेर उघडणारं. ओढा फुटला आणि पाणी आत शिरलं. वरच्यांना ठोकण्याचा आवाज येत होता, पण त्यांना वाटलं पत्रे वाजताहेत. जे घरात राहिले त्यांची छपरं गेली, जीव वाचले. त्यानं स्वतःच्या हातांनी दोन भाऊ बाहेर काढले.

म्हणाला, तुम्ही बरी माणसं दिसता म्हणून सांगतो, भोंगा वाजवू नका. मी म्हटलं, अहो, दार आत उघडेल असं करून घेऊ, मग भीती नाही. त्यानं रंधा खाली ठेवला आणि दंड धरून मला बाहेर काढलं.

शनिवार, ९

नियमच आहे, दुसऱ्या शनिवारी दुपारी बाराला चाचणी. सकाळी घरोघर सांगत फिरलो की फक्त चाचणी आहे, कुणी हलायचं नाही. तोंडावर दारं आपटली लोकांनी.

बाराला तीन भोंगे दिले. तिसरा उतरत होता तेव्हा खालून पावलं ऐकू आली. पळणारी, पुष्कळ. बायका पोरांना हाका मारत होत्या. खाली पाहिलं. भर ऊन, मोकळा रस्ता, एक माणूस नाही. सगळ्या दारांना कड्या.

ही उंबऱ्यात उभी होती. तिनं जास्त पाहिलं. कोरड्या धुळीत ओली पावलं उमटत गेली, मोठी, लहान, सगळी शाळेकडे. मग तिकडून लोखंडावर ठोकण्याचा आवाज सुरू झाला. बराच वेळ चालला. एकेक ठोका कमी होत थांबला.

त्यानंतर शिंपीणबाई आली. मला वाटलं मारणार. तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, आधीचा भोंगेवाला गेल्यापासून वर्षभर निवांत होती माझी पोरं. तुमच्यामुळे पुन्हा पळाली. पुन्हा बुडाली.

ही जेवली नाही. एवढंच म्हणाली की एक पाऊल अगदी लहान होतं, सारखं मागे राहत होतं.

सोमवार, ११

साहेबांना फोन केला, भोंगा वाजवणार नाही म्हणून सांगितलं. ते आधी हसले, मग चिडले. बुधवारी मोठं वादळ आहे. माणूस दगावला तर तुम्हाला आत टाकीन, म्हणाले.

दुपारी आठजण दारात आले. त्यांनी काही म्हणायच्या आत मी भोंग्याचा दांडा काढून सुताराच्या हातात दिला. वाटलं, आता तरी. एकजण थुंकला. बाकीचे वळून गेले.

निघून जायचं ठरवलं. बसवाल्यानं आम्हाला पाहून गाडी थांबवलीच नाही. ट्रॅक्टरवाला नाही म्हणाला. दुकानदार पायरीवरून ओरडला, उठवलंत ना त्यांना? आता राहा इथंच.

बुधवार, १३. सकाळ

वारा चढतोय. फोन बंद. आभाळ पिवळं पडलंय, जुन्या जखमेसारखं. ट्रंक दाराला लावलीय. ही खिडकीतून रस्ता बघत बसलीय.

दीड वाजता

अर्धा पत्रा गेला. ओट्याखाली बसून लिहितोय.

भोंगा वाजतोय. दांडा नाही, वर कुणी नाही — वाऱ्यानंच पाती फिरताहेत. चढायला गेलो, जिन्यावरून फेकला गेलो. हात सुजलाय. एक झाला. दुसरा चढतोय —

पावणेदोन

तिसरा.

आली. दारावरूनच पळताहेत. पाऊस आहे तरी पावलं वेगळी ऐकू येतात. ही ट्रंक ओढतेय. म्हणते, ते लहान मागे राहिलंय, रडतंय. मला रडणं ऐकू येत नाही. परक्याच्या पोरालाही रस्त्यातून कान धरून बाजूला आणणारी बाई ही — मी हात धरला — सुजलेल्या हातानं — सुटला.

दोन

दिसली. रस्त्याच्या मधोमध, हात पसरून, अडवतेय. ओरडतेय, अरे तिकडे नको, तिकडे नको रे — मग सगळे तिच्यावरून गेल्यासारखे — ती फिरली. ती पण पळायला लागली. शाळेकडे —

अडीच

वारा पडला. भोंगा थांबला. शाळेत आहे. दारापाशी.

वेल्डिंग जसंच्या तसं. एक टाकाही उचकटलेला नाही. आतून ठोकताहेत. त्यात ती आहे.

गाव जमलंय. पहार मागितली, छिन्नी मागितली. कुणी हललं नाही. सुताराचे पाय धरले. तो म्हणाला, थांबेल थोड्या वेळानं, नेहमी थांबतं. गेले सगळे.

हे लिहून ठेवतोय. कुणाला वही सापडली तर आधी दार कापा. मला शोधू नका. दार कापा. ती जिवंत आहे.

ठोके कमी होताहेत. दहा असतील. सात —

दाराखालून पाणी येतंय. गार.

एकच राहिला. तीच. हाक मारली. ओ दिली तिनं! — विचारतेय, बाहेर कोण आहे. म्हटलं, अगं मी, मीच, घाबरू नकोस —

ती म्हणते, असं कसं होईल, तुम्ही तर केव्हापासून इथं माझा हात ध