काचेवरचे पडदे

दि. ९ जानेवारी

ती. वन्सं यांना,
तुमच्या पायांशी नमस्कार. गुडघे कसे आहेत? तेल चोळत जा, पण बाटली उपडी करू नका; बेतानं घेतलं तरी गुण येतो.

मागच्या पत्राखाली मी ‘आम्ही उभयता’ असं लिहिलं म्हणून तुम्ही रागावलात. “माझा भाऊ समुद्रात जाऊन वर्ष झालं आणि तू अजून दोघांचा नमस्कार धाडतेस!” तुम्ही मोठ्या, तुमचा हक्क आहे. कायमची माझ्याकडे ये, हेही तुम्ही कितीदा लिहिलंत. मी तेवढंच सोडून बाकी सगळ्याला उत्तर देते. खरं सांगू? घराला कुलूप लावलं आणि मागून हे आले, तर?

आज पूजा आटोपून किनाऱ्यानं ह्यांच्या दीपगृहापर्यंत चालत गेले. देवानं पाय दिलेत, मग बसला पैसे कशाला? चपला हातात घेतल्या, उगाच झिजतात.

हे नेहमी पाण्याच्या बाजूनं चालायचे आणि मला कोरड्या वाळूवर ठेवायचे. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, आजही मी ती बाजू मोकळी सोडूनच चालत होते. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. एक जाळी विणणारा म्हातारा तेवढा बसलेला. त्याला आता दिसत नाही, गावातलं कुणी काही सांगतही नाही. मी दम खायला जरा लांबच थांबले होते. तो कान टवकारून म्हणाला, “आज जोडीनं? दिवेवाल्याला सुट्टी दिसते!”

“कशावरून?”

“एक पाऊल थांबलं, एक अजून चालतंय की!”

मी “हो” म्हटलं आणि पुढे निघाले. मागे वळून बघायचा धीर झाला नाही.

दीपगृहाचा दिवा आता विजेचा, बाहेर कठड्यावर बसवलाय. वरची काचेची खोली ह्यांनी सोडली तशी बंद आहे. तिथल्या जुन्या दिव्याच्या जाड भिंगातून ऊन एकवटलं की आग लागते, म्हणून पहाटे सगळे पडदे ओढायचे आणि मगच घरी यायचं, असं ह्यांचं काम होतं. एक पडदा विरला होता, म्हणून शेवटच्या संध्याकाळी मी जुन्या चादरीचा शिवून डब्याबरोबर दिला होता. लाटांनी नुसता डबा परत दिला, आतून घासूनपुसून झाकण घट्ट लावलेला. लोक म्हणाले, बायकोला कंटाळून रात्रीच काम टाकून पळाला. तुम्ही तेव्हा गप्प बसलात, वन्सं. ते मला लागलं होतं.

नवा पहारेकरी जिना चढून दारापर्यंत आला आणि थबकला. “आत तुम्हीच जा, बाई. पहाटे इथे पडद्यांच्या कड्या सरकतात.”

“वारा असेल.”

“बंद खोलीत?”

आत सगळे पडदे ओढलेले होते. माझी चादरसुद्धा, कडीन् कडी ओवून. जिथे माझी शिलाई उसवली होती, तिथे सुतळीची गाठ. ती गाठ ह्यांचीच.

म्हणजे तुमचा भाऊ पळाला नाही. पहाटेपर्यंत थांबला, काम पुरं केलं, डबा घासला आणि घराकडे निघाला. आणि घरी यायला निघालेला माणूस आला नाही, तर तो येणार नाही. मी खाली बसून पोटभर रडले.

ऊन उतरल्यावर एकेक पडदा काढून घड्या घातल्या, त्यांतले दोन भिंगाभोवती घट्ट गुंडाळले, म्हणजे आगीची भीती नको. म्हटलं, “झालं काम. आता पहाटे उठायचं नाही.” चादर तेवढी बरोबर घेतली.

येताना पाण्याच्या बाजूनं चालले. म्हातारा जाळं गुंडाळत होता.

“कोण? एकट्याच?”

“हो,” म्हटलं. हे मात्र खरं होतं.

घरी येऊन देवाजवळ ह्यांच्यासाठी सद्गती मागितली. इतके दिवस नुसतं आयुष्य मागत होते.

महिनाअखेर येते. अंथरूण विकत आणू नका, चादर अजून धड आहे. जागा एकीपुरतीच ठेवा.

तुमच्या भावाच्या मागे राहिलेली,
तुमची वहिनी