पॅड्रिगआजोबांना ऐकवलेली अंगाई

गॉलवे, आयर्लंड

प्रिय आईस,
सावनीचा गोड नमस्कार. मी मजेत आहे, स्वेटर न चुकता घालते. तू औषध घेतेस ना?

देशोदेशींच्या गायकांवर लिहिते आहे, त्यासाठी काल इथले नावाजलेले लोकगायक पॅड्रिगआजोबा भेटले. तुझ्यासारखंच त्यांच्याही घशाचं ऑपरेशन झालंय. समुद्रावर धुकं होतं आणि ते गिटार छेडत बसले होते.

"गाणं सुटलं का हो?" मी भीतभीत विचारलं.

घोगऱ्या आवाजात ते म्हणाले, "तू गा. मी येतो मागून."

मी तुझी अर्धी कानडी, अर्धी मराठी अंगाई गायले. ते डोळे मिटून मागून गुणगुणत राहिले. आवाज फाटका होता, पण ऐकत राहावंसं वाटलं गं. क्षणभर धुक्यात आपलं मळमड्डीतलं घरच दिसलं.

अप्पा म्हणाले, हल्ली तू बोलतसुद्धा नाहीस. रविवारी फोन करते. मी गाईन, तू मागून ये.

तुझीच,
सावनी