ताईच्या नावे चिखल

मी, खाली सही करणारा, खाडीच्या टोकाच्या मिठागराचा मालक, ज्याला गावभर 'खारट' म्हणतात तो, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. खुब्याचं हाड मोडलंय, डोकं शाबूत आहे. कोणाला खात्री करायची असेल त्याने माझ्याशी वाद घालून बघावा. याआधी मी असं काही लिहिलेलं नाही. सापडलंच, तर ते रद्द समजावं.

कलम १. राहतं घर, दोन खोल्या आणि मागची ओसरी, माझ्या पश्चात मुलाकडे जाईल. सुनेला स्वयंपाकघराची भिंत पाडायची आहे, तिने खुशाल पाडावी. आजारपणात तिने माझं सगळं केलं आणि एकदाही बोलून दाखवलं नाही.

कलम २. मीठ ओढायची लाकडी फावडी आणि टोपल्या शेवटपर्यंत माझ्याकडे टिकलेल्या मुकादमाला द्याव्यात. मीठ पिकवणं केव्हाच बंद झालं, तरी तो दर वर्षी फावड्यांना तेल लावून जातो.

कलम ३. शेजारचं मिठागर मातीने भरून त्यावर गोदामं बांधणाऱ्या भराववाल्यावरचा माझा राग मी मुलाला देत आहे. त्याने तो वापरावा, नुसता पडू देऊ नये.

कलम ४. आता मिठागर. ते मी माझ्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईला, देत आहे.

हे लिहून घेणाऱ्या वकीलबाईंनी लेखणी खाली ठेवली. "काका, वारस तुमच्यापेक्षा वयाने मोठा आहे. तसंच लिहू?"

म्हटलं, लिहा. दुसरं आहे कोण? मुलगा म्हणतो, "बाबा, चिखलाला कोण कुलूप लावतं? भराववाला चांगला भाव देतोय." त्याचंही खोटं नाही, त्याच्या डोक्यावर कर्ज आहे. सरकारी कचेरीत अर्ज केला, तर जागा पक्ष्यांसाठी राखीव करायला फार लहान आहे असं उत्तर आलं. पक्ष्यांच्याच नावे करता येईल का, असंही मी विचारून बघितलं. बाई हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

हे पक्षी म्हणजे तुतवार आणि चिखल्या, मुठीएवढा जीव. थंडीच्या तोंडाला उत्तरेकडून निघतात आणि समुद्र ओलांडायच्या आधी वाटेत पोट भरायला उतरतात. माझ्याआधीचे दोन मुक्काम गेले. एका किनाऱ्यावर बंदर झालं, दुसऱ्यावर गोदामं. आता हा माझा चिखल. पायात पक्षी-अभ्यासकांनी घातलेली निळी कडी असलेला एक तुतवार कित्येक वर्षं फुटक्या बांधापाशी उतरायचा. ती कडी आधी मुलालाच दिसली होती. चड्डीतच होता तेव्हा, बोंबलत घरात आला होता. म्हणून माझी दुर्बीण त्याला द्यावी. तिचा डावा डोळा गेलाय, उजव्याने छान दिसतं.

ताईबद्दल लिहिलं पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील, हिलाच का?

मिठागराला खाडीचं पाणी घ्यायचा दरवाजा आहे. त्यात एकावर एक फळ्या बसतात. चढवल्या की पाणी साठतं, काढल्या की ओहोटीबरोबर निघून जातं. उत्तरेचा वारा सुटला की मी फळ्या काढतो आणि पाऊल बुडेल न बुडेल इतकंच पाणी ठेवतो. या पक्ष्यांना पोहता येत नाही. चिखलात चोच घालून खातात.

गेल्या थंडीत मी इस्पितळात पडलो होतो आणि घर ताई सांभाळत होती. तिने सगळ्या फळ्या चढवल्या आणि मिठागर काठोकाठ भरलं. "एवढ्या लांबून येतात बिचारे, पाणी तरी पोटभर मिळू दे," म्हणाली. थवा आला, वर घिरट्या घातल्या, पाय टेकायला जागा मिळाली नाही, उपाशीच पुढे गेला. ताई बांधावर उभी राहून त्यांना हाका मारत होती. हे मला मुकादमाने सांगितलं.

मी घरी आलो आणि तिला नको नको ते बोललो. लहानपणी मला अंगाखांद्यावर खेळवणारी बाई खाली मान घालून ऐकत राहिली. तो राग मी या कलमाने रद्द करत आहे. त्यावर कोणीही वारसा सांगू नये.

त्या दिवसापासून ती रोज सकाळी दरवाजापाशी जाते, काठी पाण्यात घालते आणि मला येऊन सांगते, "घोट्याच्या खाली आहे रे." गुडघे दुखतात, तरी जाते. या जगात पाण्याची उंची मोजणारं दुसरं कोणी मला माहीत नाही. म्हणून मिठागर तिचं.

तिच्या पश्चात ते मुलाकडे जाईल. न विकण्याची अट घाला म्हटलं, तर बाई म्हणाल्या, कोर्टात टिकणार नाही. म्हणून अट घालत नाही. बाळा, विनंती करतो. याहून जास्त माझ्या हातात काही नाही, आणि हे लिहिताना मला फार लाचार वाटतं.

कलम ५. निळ्या कडीवाला यंदा थंडी सरताना परतीच्या वाटेवर आला नाही. उपाशी गेलेल्या थव्यात तो होता की नाही, कोणालाच ठाऊक नाही. ताईने मला विचारू नये. मी सांगू शकत नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.

साक्षीदार: १. समोरच्या दुकानातला न्हावी (सही). २. दवाखान्यातली परिचारिका (सही). ताई वारस असल्याने तिला साक्षीदार होता आलं नाही. ती दारात उभी राहून ऐकत होती.

ठिकाण: मिठागरावरची खोली. दिनांक: शिक्क्याखाली घातला आहे. उत्तरेचा वारा आजच सुटला.

सही: खारट

सहीनंतर, साक्षीदारांसमोर वाढवलेला मजकूर: ताईने दारातून विचारलं, "आणि कोणीच आलं नाही तर रे?" ताई, तरी फळ्या काढून ठेव.